‘अस्वस्थ’ शब्द स्वस्त झाला!

मराठी माणसाची दिवाळी फराळाइतकीच दिवाळी अंकांनीही साजरी होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून या परंपरेचा पाया घातला. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी दरवर्षी शेकडो अंक निघतात आणि त्यांतून कथांचे भरघोस पीक येते. या कथा एकापाठोपाठ एक वाचणाऱ्या चोखंदळ वाचकाच्या लक्षात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. नायकाच्या हाती नोकरीवरून कमी केल्याचे पत्र पडते आणि तो अस्वस्थ होतो. मुलीला पाहायला पाहुणे यायचे असतात, ती अस्वस्थ होते. मध्यरात्री दूरध्वनी खणखणतो, घरातली माणसे अस्वस्थ होतात. शेतकरी आभाळाकडे पाहतो आणि अस्वस्थ होतो. मुलगा परदेशी निघून जातो, आईवडील अस्वस्थ होतात. प्रसंग पाच, माणसे निराळी, त्यांच्या मनांत चाललेले वादळ निराळे. शब्द मात्र एकच. आणि हीच माणसे जेव्हा संवादात बोलू लागतात, तेव्हा त्या सर्वांना ‘टेन्शन’ येते!

निवेदनात ‘अस्वस्थ’ आणि संवादात ‘टेन्शन’ या दोन खुंट्यांवर आजचे बरेचसे कथालेखन आपल्या पात्रांच्या मनाची सारी ओढाताण टांगून मोकळे होते. हा केवळ शैलीचा दोष आहे, समीक्षकांनी त्याची चर्चा करावी, सामान्य वाचकाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु प्रश्न तेवढ्यापुरता नाही. स्वतःच्या मनात काय चालले आहे हे सांगण्याचे शब्द माणूस घरातून शिकतो, तसाच वाचनातूनही शिकतो. कथेतले शब्द कमी झाले की घरातले शब्दही कमी होतात. म्हणून या विषयाकडे थोडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

शब्दांची श्रीमंती

प्रथम ‘अस्वस्थ’ या शब्दाकडेच पाहू. ‘स्व’मध्ये जो स्थित आहे तो स्वस्थ. जो आपल्या ठायी राहिला नाही, ज्याच्या मनाची बैठकच ढळली, तो अस्वस्थ. इतका खोल अर्थ पोटात वागवणारा हा शब्द आहे. आयुष्याचा आधार हलला, विश्वासाला तडा गेला, कर्तव्य कोणते हेच कळेनासे झाले, अशा वेळी तो वापरावा. बस दहा मिनिटे उशिरा आली म्हणून जर पात्र अस्वस्थ होऊ लागले, तर त्याच्या घरात मृत्यू येईल तेव्हा लेखक कोणता शब्द काढणार? रोजच्या वापरात काढलेले ठेवणीतले वस्त्र लग्नसमारंभाला उपयोगी पडत नाही, तसे या शब्दाचे झाले आहे.

वस्तुतः मराठीची पेटी या बाबतीत ओसंडून वाहते आहे. परीक्षेच्या निकालाआधी होते ती धाकधूक. तिच्यात भीती असते आणि आशाही असते. निकाल नापासाचाच लागणार हे ठाऊक असलेल्याला धाकधूक होत नाही. सासरी गेलेल्या मुलीच्या आठवणीने संध्याकाळी लागते ती हुरहूर. तिच्यात भीतीचा लवलेश नसतो, असते ती माया. सावकाराची, गुंडाची, जुलमी अधिकाऱ्याची बसते ती धास्ती. तिच्यामागे कोणीतरी माणूस उभा असतो. दोन्ही बाजूंनी मन ओढले जाते तेव्हा होते ती घालमेल. हवे ते मिळत नाही आणि सोडताही येत नाही, तेव्हा होते ती तगमग. अचानक काही दिसले वा ऐकले की भरते ती धडकी. यांपैकी एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

याहूनही लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे या प्रत्येक शब्दाचे क्रियापद ठरलेले आहे. भीती वाटते, धडकी भरते, हुरहूर लागते, धास्ती बसते, घालमेल होते. म्हणजे एक भावना मनाला स्पर्शून जाते, दुसरी भांड्यात पाणी भरावे तशी भरते, तिसरी ओढ लागावी तशी लागते, चौथी घर करून बसते. हे पिढ्यान्पिढ्यांचे निरीक्षण आहे. ते कोणा एका पंडिताने केलेले नाही. शेतात, माजघरात, पाणवठ्यावर बोलणाऱ्या असंख्य मराठी माणसांनी ते केले आहे. ‘टेन्शन’ मात्र येते, घेता येते, देता येते आणि नकोही म्हणता येते. ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे आपण सहज म्हणतो, जणू ती दुकानातली वस्तू आहे. ‘हुरहूर घेऊ नकोस’ असे कोणी म्हणून पाहावे! भाषाच ते वाक्य नाकारते.

शरीराच्या वाटेने जाणारे वाक्प्रचार तर विचारूच नयेत. पोटात गोळा येतो, काळजाचा ठोका चुकतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, बोबडी वळते, जीव टांगणीला लागतो आणि अखेरीस सारे ठीक झाले की जीव भांड्यात पडतो. ‘पाचावर धारण बसणे’ हा वाक्प्रचार तर थेट बाजारातून आला. धारण म्हणजे धान्याचा दर. तो भडकला की गोरगरिबांची जी गाळण उडे, ती या तीन शब्दांत साठून राहिली आहे. दुष्काळ आणि भीती यांचे नाते सांगणारा असा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या कथेतील शेतकरी नुसता ‘अस्वस्थ’ का व्हावा?

पूर्वसूरींची दृष्टी

भावनांमधील सूक्ष्म भेद ओळखण्याची ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात एकूण एकोणपन्नास भाव सांगितले. आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक. ‘भय’ हा त्यांपैकी स्थायी भाव. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. व्यभिचारी भावांत त्यांनी शंका, चिंता, त्रास आणि आवेग यांना स्वतंत्र स्थान दिले आणि त्यांची कारणेही वेगवेगळी सांगितली. चोरी किंवा राजाचा अपराध केलेल्याच्या मनात उत्पन्न होते ती शंका. वैभव गेले, प्रिय वस्तू हिरावली गेली, दारिद्र्य आले की ग्रासते ती चिंता. वीज कोसळणे, उल्का पडणे यांसारख्या आकस्मिक गोष्टींनी होतो तो त्रास. आजच्या मराठीत ‘त्रास’ शब्दाचा अर्थ पालटला, हा भाग वेगळा. मुद्दा असा की, अपराध्याची भीती, दरिद्र्याची भीती आणि विजेने दचकलेल्याची भीती एक नव्हे, हे आपल्या नाट्याचार्याने नटाला बजावून सांगितले होते. कारण नटाला त्या वेगवेगळ्या रीतीने करून दाखवायच्या होत्या. जे नटाला लागू, ते कथाकाराला लागू नाही काय?

आता प्रत्यक्ष काव्याकडे वळू. कालिदासाच्या शाकुंतलात, पहिल्याच अंकात, दुष्यंताच्या रथापुढे धावणारे हरीण येते. मान वळवून मागे पाहणारे, बाण लागेल म्हणून शरीराचा मागचा भाग आखडून घेणारे, अर्धवट चावलेले दर्भ उघड्या तोंडातून वाटेवर सांडणारे. ‘हरीण भ्याले’ एवढे सांगून कवी थांबत नाही. तो त्या भीतीचे सारे शरीर आपल्यापुढे उभे करतो. भयानक रसाचे विवेचन करताना अभिनवगुप्तांना हाच श्लोक उदाहरण म्हणून घ्यावासा वाटला, यात नवल नाही. ती भीती केवळ त्या हरिणाची राहत नाही, ती भीती म्हणून आपल्या प्रत्ययाला येते.

वाल्मीकींचा मारीच याहून वेगळा. एकदा रामाच्या बाणाचा प्रसाद मिळालेला हा राक्षस रावणाला आपली अवस्था सांगतो. त्याला झाडाझाडात राम दिसतो. इतकेच नव्हे, तर रत्न, रथ असे ‘र’ने सुरू होणारे शब्दही त्याला भिववतात. नुसत्या एका अक्षराने दचकणारा माणूस! आधुनिक मानसशास्त्र ज्याला मनावरील आघाताचा परिणाम म्हणते, तो आदिकवीने एका अक्षरात पकडला. आपल्या आजच्या कथाकाराने मारीच लिहिला असता, तर बहुधा ‘रामाचे नाव ऐकताच मारीच अस्वस्थ झाला’ एवढ्यावर काम भागवले असते.

आणि गीतेचा पहिला अध्याय? दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहिलेला अर्जुन स्वतःच्या मनाचे नाव सांगत नाही, लक्षणे सांगतो. गात्रे गळत आहेत, तोंड कोरडे पडते आहे, देह कापतो आहे, अंगावर काटा उभा राहिला आहे, गांडीव हातातून निसटते आहे, मन भ्रमते आहे. भरतांच्या सात्त्विक भावांतले वेपथू आणि रोमांच येथे जसेच्या तसे आहेत. वरकरणी पाहणाऱ्याला वाटेल, हा योद्धा घाबरला. ज्ञानेश्वर माउली मात्र त्यामागचे खरे कारण उलगडून दाखवतात. कठीण लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकून पडतो, हा त्यांचा दृष्टांत प्रत्येक मराठी घराला परिचित आहे. अर्जुनाला शत्रूच्या शस्त्राची भीती नव्हती. त्याला अडवले होते ते स्नेहाने. एकाच कंपाची दोन कारणे असू शकतात आणि कारण ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही, हे येथे स्पष्ट होते. म्हणूनच दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी श्रीकृष्ण त्या अवस्थेला नाव देतात. कश्मल, क्लैब्य, हृदयाचे दौर्बल्य असे कठोर, नेमके शब्द वापरतात. लक्षणे अर्जुनाने सांगितली, निदान श्रीकृष्णाने केले आणि मगच उपदेशाला आरंभ झाला.

‘दाखवा, सांगू नका’ हेही अर्धसत्य

येथे एक आक्षेप येईल. लेखनाच्या कार्यशाळांतून आजकाल ‘भावना सांगू नका, दाखवा’ असा धडा दिला जातो. रशियन कथाकार चेखॉव्हने १८८६ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, पात्राच्या मनःस्थितीचे वर्णन करण्यापेक्षा ती त्याच्या कृतीतून कळू द्यावी, असा सल्ला दिला होता. तो मोलाचाच आहे. मग भावनेला नाव देणारा शब्द लेखकाने वापरूच नये काय?

असे म्हणणे म्हणजे दुसरे टोक गाठणे होय. या धड्याचा अतिरेक झाला की प्रत्येक पात्राचे तळहात घामाने भिजू लागतात, प्रत्येकाच्या छातीत धडधड सुरू होते आणि ओठ कोरडे पडतात. हीसुद्धा एक ठोकळेबाज भाषाच झाली. घाम परीक्षार्थ्यालाही येतो, चोरालाही आणि प्रसूतिगृहाबाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या बापालाही. नुसत्या घामावरून वाचकाने ओळखावे तरी काय? लक्षण आणि नाव या दोहोंचे स्थान वेगळे आहे. लक्षण पात्राने भोगावे. नाव योग्य वेळी, योग्य माणसाच्या तोंडून यावे.

आपल्या कादंबरीने हे साधून दाखवले आहे. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली. त्या काळातील बालिकेच्या मनातली सासरची धास्ती वाचकाला कळते, ती तिच्या साध्या बोलण्यातून. विश्राम बेडेकरांच्या १९३९ सालच्या ‘रणांगण’मध्ये हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू एका बोटीवर आहेत. मायभूमी सुटलेली, पुढे कोण थारा देईल याची शाश्वती नाही. ती माणसे बोटीवर हसतात, खेळतात, प्रेमातही पडतात आणि त्या हसण्याखालची उलघाल वाचकाचे काळीज पोखरत राहते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधला पोहण्याचा प्रसंग तर लहानथोरांना ठाऊक आहे. पाण्याला भिऊन श्याम लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहायला पाठवते. नंतर कळते की, जगाने आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ होती. मुलाला पाण्याची भीती आणि आईला ‘भित्रा’ या एका शब्दाची! एका प्रसंगात दोन जिवांची दोन भये आणि दोन्ही प्रेमाच्या धाग्याने गुंफलेली. गुरुजींनी तेथे ‘दोघेही अस्वस्थ होते’ असे लिहिले असते, तर तो प्रसंग इतकी वर्षे कोणाच्या लक्षात राहिला असता?

शब्द बदलून भागणार नाही

दुसरा आक्षेप स्वभाषाप्रेमी मंडळींचा. ‘टेन्शन’ हा इंग्रजी शब्द आहे, त्याऐवजी ‘ताण’ किंवा ‘तणाव’ लिहा, म्हणजे झाले, असे काहींना वाटते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली, दिनांक, महापौर असे किती तरी शब्द रूढ केले, त्यांचे ऋण मराठी विसरणार नाही. पण त्यांचा आग्रह नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे नसलेल्या वस्तूंसाठी आलेल्या परक्या नावांना त्यांचा विरोध नव्हता. आपले जिवंत शब्द असताना ते मारून तेथे परका शब्द बसवण्याला विरोध होता. ‘टेन्शन’चा खरा अपराध तोच आहे. त्याने एक शब्द मारला नाही, दहा शब्दांच्या जागा बळकावल्या. त्या दहा जागी ‘तणाव’ बसवल्याने मारलेले दहा शब्द परत येत नाहीत. केवळ वेष पालटतो.

उलट ‘धास्ती’कडे पाहा. ‘दहशत’ या फारसी घराण्यातून आलेला हा शब्द. पण तो मराठी मातीत असा रुजला की त्याला कोणी परका म्हणणार नाही. कारण त्याने येताना कोणाचे घर मोडले नाही, एक नेमकी छटा दिली. शब्दाचे कूळ पाहावे, पण त्याहून अधिक त्याचे काम पाहावे. महाविद्यालयीन तरुणाच्या संवादात ‘टेन्शन’ आले, तर ते स्वाभाविकच होय. तेथे त्याच्या तोंडी ‘मी चिंताक्रांत झालो आहे’ हे वाक्य घालणे हास्यास्पद ठरेल. परंतु निवेदन लेखकाचे असते. तेथे त्याला कोणी अडवलेले नाही.

हा रोग केवळ मराठीचा आहे, असेही नाही. इंग्रजीतला ‘नर्व्हस’ हा शब्द पूर्वी पिळदार, सशक्त अशा अर्थाने वापरला जात असे. पुढे तो दुर्बळ मनाचा निदर्शक झाला. जेन ऑस्टिनने १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मध्ये ऊठसूट आपल्या ‘नर्व्ह्ज’चे गाऱ्हाणे सांगणाऱ्या मिसेस बेनेटची यथेच्छ थट्टा केली आहे. एकच शब्द सतत वापरणाऱ्या माणसाकडे घरचेही लक्ष देईनासे होतात, हे त्या चतुर लेखिकेने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

घरातला प्रश्न

आणि येथेच हा विषय कथेच्या पानावरून आपल्या बैठकीच्या खोलीत येतो. दहावीतला मुलगा म्हणतो, ‘‘आई, टेन्शन आलंय.’’ आई म्हणते, ‘‘टेन्शन घेऊ नकोस.’’ संभाषण संपते. त्याला उद्याच्या पेपरची धाकधूक आहे, वर्गातल्या दांडगट मुलाची धास्ती आहे, की बाबांच्या अपेक्षा आणि स्वतःची आवड यांत त्याची घालमेल चालली आहे? धाकधूक असेल तर पाठीवर हात ठेवणे पुरते. धास्ती असेल तर वडिलांनी शाळेत जाऊन त्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. घालमेल असेल तर चूक मुलाची नाही, घरानेच आपल्या अपेक्षा तपासल्या पाहिजेत. आणि यांपैकी काहीच नसून ती दिवसेंदिवस न सुटणारी, झोप उडवणारी व्याधी असेल, तर वेळ न दवडता वैद्यकीय साहाय्य घेतले पाहिजे. चार अवस्था, चार उपाय. पण शब्द एकच असल्याने चौघांच्या वाट्याला एकच पोकळ दिलासा येतो.

ज्या घरात कथा वाचल्या जातात, वाचून दाखवल्या जातात, त्यांवर बोलणे होते, त्या घरातल्या मुलाजवळ स्वतःचे मन सांगण्यासाठी अधिक शब्द असतात. म्हणून लेखकाची जबाबदारी मोठी आहे. त्याने लिहिताना क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, की माझ्या पात्राला नेमके काय होते आहे? ते कोणाला भिते आहे, कोणासाठी भिते आहे, की भीतच नसून कोणाची तरी वाट पाहते आहे? उत्तर मिळाले की शब्द आपोआप पुढे येतो. मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या पालकांनीही, कथा वाचून झाल्यावर, ‘त्याला काय वाटले असेल?’ एवढा एक प्रश्न विचारावा आणि ‘टेन्शन’ हे उत्तर आले तर आणखी एकदा विचारावे.

शेवटी मराठीचेच एक कौतुक सांगितले पाहिजे. काळजाशी नाते सांगणारा ‘काळजी’ हा आपला शब्द. ‘काळजी करणे’ म्हणजे मनाने झुरत बसणे. ‘काळजी घेणे’ म्हणजे उठून दुसऱ्यासाठी काहीतरी करणे. नाम तेच, क्रियापद बदलले की झुरणे संपते आणि सेवा सुरू होते. घरातून निघणाऱ्या माणसाला आपल्या आजी-आया एका दमात दोन्ही सांगत आल्या आहेत, ‘काळजी करू नकोस, काळजी घे.’ इतके शहाणपण ज्या भाषेच्या एका क्रियापदात आहे, तिच्या कथाकारांनी आणि वाचकांनी दोन शब्दांवर संसार करण्याचे काहीच कारण नाही.